बैठकीची खोली

१

सौदीतल्या हाइलच्या सरकारी हॉस्पिटलात वीणा भूलतज्ज्ञ होती. चौदा वर्षं तिचा दिवस एकाच चालीने चालला होता. सकाळी सातला ऑपरेशन थिएटर, दुपारी साडेतीनला सुटका, मग मागच्या फाटकातून सात मिनिटं चालत पहिल्या मजल्यावरचं घर. गेल्या दोन महिन्यांत त्यात एकच बदल झाला होता, आणि तो चांगला होता. बेल वाजवली की दार उघडायला उमाकांत येई.

दाढी केलेला, धुतलेला शर्ट घातलेला तिचा नवरा. "आलीस? चहा टाकतो," म्हणून तो स्वयंपाकघरात वळे. अकरा महिने ज्या माणसाने धड चार वाक्यं बोलली नव्हती, तो आता चहा करताना शीळ घालायचा.

चहात साखर असायची. वीणाने साखर सोडून वीस वर्षं झाली होती, क्षमा पोटात असल्यापासून. पहिल्या दिवशी तिने आनंदाच्या भरात तो गोड चहा संपवला. आठवड्याने हळूच सांगितलं, तेव्हा तो हसला, चुकलं म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर. तिने तोही प्यायला. माणूस परत मिळालाय, साखरेवरून कुठे वाद घालायचा?

डिसेंबरातल्या एका दुपारी चहा पिऊन ती जरा आडवी झाली. भिंतीपलीकडे बैठकीच्या खोलीत उमाकांत झोपला होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. भूल देणाऱ्यांचे कान तसे तयारच असतात. श्वास ऐकण्यातच त्यांचं आयुष्य जातं. चार श्वास सारखे, आणि पाचवा लांब आत ओढलेला, जरा धरून ठेवलेला, मग दोन तुकड्यांत सोडलेला. आजारपणाच्या अकरा महिन्यांत तिने हाच श्वास रात्रंदिवस ऐकला होता. त्या ओळखीच्या लयीवर तिला डुलकी लागत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ बंद झाला, आणि कपबशा पुसत शीळ घालणारा उमाकांत दारातून डोकावला. म्हणाला, "पांघरूण देऊ का?"

त्याच्यामागे, भिंतीपलीकडे, पाचवा श्वास दोन तुकड्यांत सुटला.

२

इथल्या घरांना दोन दारं असतात. एक घरच्यांसाठी, दुसरं जिन्यावरून थेट बैठकीच्या खोलीत जाणारं, बाहेरच्या पुरुषमंडळींसाठी. तिला मजलिस म्हणतात. आपली माणसं त्या खोलीत रिकाम्या बॅगा आणि जुनी गादी ठेवतात. वीणाच्या घरीही तसंच होतं. खिडकीला ऊन लागू नये म्हणून आधीच्या भाडेकरूने चंदेरी कागद चिकटवलेला होता, तो कुणी काढला नव्हता.

उमाकांत एका बांधकाम कंपनीत कामगार विभाग सांभाळायचा. सरकारने कंपन्यांना रंग वाटून दिले तेव्हापासून त्याचं काम बदललं. देशातली माणसं कमी आणि परदेशी जास्त, तर कंपनी लाल रंगात. लाल म्हणजे इकाम्याचं, इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण बंद. मग याद्या करायच्या, कोणाला परत पाठवायचं त्यांच्या. चार वर्षं त्या याद्या उमाकांतने केल्या. माणसाला पत्र पाठवून मोकळं होणं त्याला जमत नसे. तो प्रत्येकाला समोर बसवायचा, चहा मागवायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचा.

त्यात दाभोळकडचा इसहाक होता. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेला, हळू बोलणारा माणूस. तो उमाकांतला एवढंच म्हणाला, "साहेब, तिकडं आता मला कोन वळखतं? मी जाऊन करू काय?" उमाकांतने त्याला नियम समजावून सांगितला. घरी गेल्यावर तिसऱ्या महिन्यात इसहाक एका सकाळी खाडीत उतरला, तो परत आला नाही.

पुढच्या वर्षी कामगार विभागाच्या जागाच स्थानिकांसाठी राखीव झाल्या. शेवटच्या यादीत उमाकांतने स्वतःचं नाव लिहिलं. जागेवर येणाऱ्याला तीन महिने काम शिकवलं. तो सभ्य होता, निरोपाच्या दिवशी त्याने खजुरांचा डबा दिला, गळाभेट घेतली. उमाकांत भारतात जाऊन बायकोच्या व्हिसावर परत आला. नव्या इकाम्यावर त्याच्या नावापुढे 'अवलंबित' असा शब्द होता. त्याने बॅगांच्या खोलीत एक लोखंडी खुर्ची नेली, तिच्यावर बसला, आणि अकरा महिने बसून राहिला.

वीणाने काय करायचं ठेवलं होतं? रियाधचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. गोळ्या तीनदा बदलल्या. शॉक देऊन झाले. उमाकांत गुडघ्यावरचं कापड चिमटीत धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. विचारलं तर म्हणायचा, "मोजतोय." काय मोजतोय, ते सांगायचा नाही.

३

गिरीश हा उमाकांतचा शाळेपासूनचा मित्र, नेदरलँड्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ. त्याने फोनवर सायलोसायबिनचं सांगितलं. एका जातीच्या अळंबीतलं द्रव्य. जुन्या, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर त्याचे प्रयोग चालले होते, निष्कर्ष आशा वाटावी असे होते. चाचणीत बाहेरच्या माणसाला घेत नव्हते. पण तिथे अळंबीवर बंदी असली तरी तिच्या जमिनीखालच्या गाठी विकायला परवानगी होती, आणि त्याच्या ओळखीचं एक घर होतं, जिथे डॉक्टर आणि नर्स दिवसभर उशाशी बसत.

वीणा ज्या देशात राहत होती तिथे अशा वस्तूचं नाव काढणंही धोक्याचं होतं. तिने गिरीशला मात्रा विचारली, हृदयाचं विचारलं, रक्तदाबाचं विचारलं, मिळतील ते लेख वाचून काढले. मग सुट्टी न मिळाल्यामुळे त्याला एकट्यालाच पाठवलं. ठरवलं तिनेच. उमाकांत फक्त मान हलवून हो म्हणाला होता, आणि त्या काळात तो कशालाही हो म्हणायचा.

तीन आठवड्यांनी हाइलच्या विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा तिने आधी त्याला ओळखलंच नाही. ताठ चालत होता. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, काय झालं तिथे? तो सहज सांगू लागला, एखाद्या सहलीचं सांगावं तसं.

"डोळ्यांवर पट्टी होती. मला वाटलं काहीतरी रंगबिरंग दिसेल. तसं काही नाही. मी आपल्याच घरात होतो, त्या खोलीत, खुर्चीवर. बराच वेळ बसलो. मग लक्षात आलं, उठता येतंय. उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. बस्स."

"आणि मग?"

"मग काही नाही. भूक लागली होती."

त्या वेळी वीणा रडली होती. सुटकेचं रडू होतं ते.

४

आता तो श्वास ऐकू आल्यावर तिने प्रथम स्वतःलाच तपासलं. अकरा महिन्यांची सवय, थकलेला मेंदू, ओळखीचा आवाज पुन्हा वाजवतो. मोठ्या आजारातून माणूस उठला की सांभाळणारा आडवा पडतो, हे तिने डझनभर घरांत पाहिलं होतं. तिने दोन दिवस रजा घेऊन झोप काढली. तिसऱ्या दुपारी श्वास होताच.

मग एसी बंद करून पाहिला. वरच्या मजल्यावर सुदानी कुटुंब राहायचं, ते सुट्टीवर गेलं होतं. खालची दुकानं दुपारच्या नमाजानंतर थेट संध्याकाळी उघडत. त्या तासाला सगळ्या गल्लीत आवाज म्हणून नसायचा. तिने स्टेथोस्कोप आणला आणि बैठकीच्या खोलीच्या आतल्या दाराला लावला. मिनिटाला चौदा. चार सारखे, पाचवा लांब. तिने दहा मिनिटं मोजले, एकदाही चुकला नाही. फोनवर ध्वनिमुद्रण केलं, त्यात नुसती घरघर आली.

दार उघडलं तर आवाज थांबे. आत बॅगा, गादी, भिंतीकडे तोंड केलेली लोखंडी खुर्ची. चंदेरी कागदातून येणारा राखाडी उजेड. दार लावलं की थोड्या वेळाने पुन्हा सुरू.

गिरीशला तिने आडून विचारलं, कोणाला नंतर काही त्रास झाल्याचं आढळलंय का. त्याने काळजीने विचारलं, उमाकांतला काही होतंय का? नाही, तो उत्तम आहे. मग तुला झोप येते का, असं त्याने विचारलं, आणि पुढचं सगळं बोलणं तिच्याच तब्येतीबद्दल झालं.

क्षमा मंगळुरात शिकत होती. तिचा फोन रविवारी असे. "आई, बाबा इज सो चिल नाऊ," ती म्हणाली. आणि पुढे, "बस कभी कभी ऐसा लगता है, कस्टमर केअर से बात कर रही हूँ. सगळं नीट बोलतात, बट ही डझन्ट आस्क एनीथिंग." आणि लगेच हसून, "चलो, यू रेस्ट."

५

जानेवारीत पाऊस पडून गेला. रस्त्याकडेला फगा विकणारे बसले. वाळवंटात मेघगर्जनेनंतर जमिनीखाली धरणारं हे बटाट्यासारखं अळंबं, इथल्या लोकांचा जीव त्यावर. उमाकांतने किलोभर आणला आणि टेबलाशी बसून एकेकाची वाळू ब्रशने झाडत बसला. वीणा नुकतीच आली होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात मातीचे, म्हणून त्याने स्पीकरवर टाकला.

दाभोळहून सफूरा बोलत होती, इसहाकची बायको. तिची धाकटी मुलगी नर्स झाली होती. मुलीला सौदीत कुठे अर्ज करता येईल, हे विचारायला तिने धीर करून फोन केला होता. "साहेबांनी तवा मातीनंतर दोनदा फोन केलता, म्हनून म्हटलं इचारावं. मी इसहाकची."

"कोण इसहाक?" उमाकांतने विचारलं.

आवाजात आडपडदा नव्हता. सफूराने सांगितलं, स्टोअरवाला, बावीस वर्षं. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला, चेहरा अगदी मनापासून मदत करू पाहणाऱ्या माणसाचा. "नाही हो, लक्षात येत नाही. बरीच माणसं होती ना. ते कसे आहेत आता?"

 पलीकडून फोन बंद झाला.

वीणाच्या पाठीमागे बैठकीची खोली होती. श्वास थांबला होता. मग तिथून, लाकडापलीकडून, पाण्याखालून यावा तसा हळू आवाज आला. तो एका सुरात सांगत होता. "इसहाक. दाभोळ. स्टोअर. बावीस वर्षं. गुरुवारी निघाला. निळा सदरा होता." आणि पुढचं नाव. "उस्मान. गवंडी. दोन मुली." आणि त्याच्या पुढचं. "जलाल. आचारी. चहा घेतला नाही."

मोजणी चालली होती.

"तुला ऐकू येतंय?" वीणाने विचारलं.

उमाकांतने मान वर केली, कान देऊन ऐकलं. "काय?" मग तो पुन्हा ब्रश चालवू लागला. हातातला फगा फिरवून पाहत म्हणाला, "छान ताजे आहेत."

६

त्यानंतर ती घाबरली ते खोलीतल्याला नव्हे. तिला घरात शीळ घालत फिरणाऱ्याची भीती वाटू लागली. तो कधी चिडत नसे, कधी विसरलेल्या गोष्टीची हळहळ करत नसे. लग्नाच्या वाढदिवशी तिने आठवण दिल्यावर तो फुलं घेऊन आला. तिने आपल्या गेलेल्या आईचा विषय काढला, तेव्हा त्याने सांत्वन केलं, शब्द अगदी योग्य होते. त्याच सासूला त्याने शेवटचे सहा महिने स्वतः न्हाऊ घातलं होतं.

एका दुपारी तो चहा टाकत असताना तिने ठरवलं. बैठकीच्या खोलीचं दार तिने या वेळी ढकललं नाही. चप्पल काढून जमिनीवर बसली आणि दाराला गाल टेकवून, जशी ती थिएटरमध्ये भूल उतरणाऱ्या रोग्याशी बोलते तशी, हळू म्हणाली, "उमाकांत. मी आहे."

श्वास थांबला नाही. तिने मूठ फिरवली आणि दार बोटभर उघडलं.

खुर्चीत कोणीतरी पाठमोरं बसलेलं होतं. सगळं दिसलं नाही. खांद्याची एक बाजू, उसवलेल्या शिवणीचा तपकिरी स्वेटर, आणि गुडघ्यावरचा हात. चिमटीत कापड धरलेलं, सोडलेलं, पुन्हा धरलेलं. नखं खूप वाढली होती. जमिनीवर टेकलेली टाच भेगाळलेली, पांढरी, कित्येक दिवस न हललेली.

स्वयंपाकघरातून उमाकांतने मोठ्याने विचारलं, "वीणा, साखर किती घालू?"

खुर्चीतला हात थांबला. डोकं वळलं नाही. पण अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असा, आतला आवाज म्हणाला, "ती बिनसाखरेचा घेते."

वीणाने दार ओढून घेतलं. मग तिथेच बसून राहिली. गोड चहा तिच्यासमोर आला, आणि तो देणारा वाकून तिची नाडी पाहत म्हणाला, "तू फार दमतेस. गिरीशला विचारू का? तिथे तुलाही बरं वाटेल."

७

तिने एकदा उमाकांतच्या पाया पडल्यासारखं केलं. म्हणाली, काही विचारू नको, फक्त आत जाऊन त्या खुर्चीवर घटकाभर बस. तो लगेच उठला. त्याला कशाचीच हरकत नसे. आत गेला, दार लोटलं. ती बाहेर उभी राहून दोन श्वास ऐकत होती, एक सरळ, एक तुटका. वाटलं, आता ते एक होतील. पाच मिनिटांनी तो खुर्चीच घेऊन बाहेर आला. "आत कोणी नाही गं. आणि हिचा उगीच त्रास होतोय तुला," म्हणाला, आणि खुर्ची जिन्याखाली भंगारवाल्यासाठी ठेवून आला.

दुसऱ्या दिवशीपासून खोलीत पावलं वाजू लागली. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, मग बराच वेळ काही नाही. बसायला जागा नव्हती. वीणा हॉस्पिटलातून आल्यावर बाजारात गेली आणि एक लाकडी स्टूल विकत घेऊन आत ठेवून आली. उमाकांतने ते पाहिलं, आणि हसला फक्त.

मार्चमध्ये हॉस्पिटलच्या कार्यालयाने तिला बोलावलं. देशातच शिकून तयार झालेल्या दोन भूलतज्ज्ञ रुजू होणार होत्या, तेव्हा करार पुढे वाढणार नव्हता. समोरचा कारकून अदबीने बोलला. तिच्यासाठी त्याने चहा मागवला होता.

फायनल एक्झिटसाठी, म्हणजे देश कायमचा सोडायला, दोन महिने मिळाले. ती वाढीव मुदत मागत राहिली. घरमालकाला विचारलं, एवढी एक खोली मला ठेवू देता का? तो गोंधळला. खोली घेऊन देशाबाहेर कोण राहतं? कोणाला काय सांगणार? खरं सांगितलं तर आधी विचारतील, नवऱ्याला कसलं औषध दिलं, कुठे दिलं. मग दोघांपैकी कोण कुठल्या कोठडीत जाईल, सांगता येत नव्हतं. गिरीशला तिने सगळं सांगून टाकलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि त्याच संध्याकाळी उमाकांतला फोन करून वीणाकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

ती दुपारी दाराशी बसून बोलत असे. घर सुटतंय, तारीख अमुक आहे, तुला येता आलं तर ये. आतून नावं येत. तिच्या प्रश्नाला उत्तर येत नसे. एकदाच आलं. "त्याला कसं वाटतंय आता?"

"बरा आहे," ती म्हणाली.

"मग ठीक," आवाज म्हणाला, आणि पाचवा श्वास सोडला.

८

निघायच्या सकाळी घर रिकामं झालं होतं. बैठकीच्या खोलीतल्या बॅगा बाहेर आल्या, गादी दिली गेली. टॅक्सी खाली उभी होती. उमाकांत सामान चढवत होता, ड्रायव्हर घाईने यल्ला यल्ला करत होता.

वीणा त्या खोलीत गेली. स्टुलावर कोणी नव्हतं. तिने बॅगेत मागे ठेवलेली एक शाल काढून स्टुलावर ठेवली, इथे हिवाळ्यात फार थंडी पडते म्हणून. मग जिन्याकडचं दार, बाहेरच्या माणसांचं, तिने आतून कडी काढून उघडं केलं. तो येऊ शकला तर येईल. ती दारात उभी राहून वाट पाहत राहिली.

मागे पाऊल वाजलं. एकच. मग शाल घसरल्याचा आवाज. तिने वळून पाहिलं नाही. पाठीशी, अगदी कानाजवळ, तिचं नाव उच्चारलं गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो उच्चारायचा तसं, 'वी' लांबवून, जरा भीत भीत. परत आल्यापासून घरातल्या दुसऱ्याने तिला तशी हाक एकदाही मारली नव्हती.

"झालं का गं?" खालून उमाकांत ओरडला.

ती खाली उतरली. जिन्यावर तिच्यामागून पावलं येत होती की आपलीच घुमत होती, हे तिला शेवटच्या पायरीपर्यंत कळलं नाही. टॅक्सीचं मागचं दार तिने जरा जास्त वेळ उघडं धरलं. उमाकांतने हात लांब करून ते ओढून घेतलं.

विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीत एक तरुण अधिकारी होता. त्याने दोन्ही इकामे घेतले, पडद्यावर पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि मग वीणाच्या खांद्यावरून मागे. त्याच्या कपाळावर आठी पडली. माणसं किती, ते त्याने इकडच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "कितना नफर?"

वीणाने तोंड उघडलं. तो मागे काय पाहतोय, हे तिला विचारायचं होतं. तीन म्हणायचं होतं. 

"दो नफर," उमाकांत तिच्या शेजारून हसत म्हणाला. "खलास."

अधिकाऱ्याने अजून एकदा मागे पाहिलं, खांदे उडवले, आणि शिक्का मारला.